बिरू सरांचं बारीक सोनं

बिरू सरांच्या प्रयोगशाळेत शिरताना कुणी अडवत नाही. निघताना अडवतात. दाराशी पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं. त्यात हात धुवायचे, शर्ट खाली अंथरलेल्या कागदावर झटकायचा आणि मगच बाहेर पडायचं. एकदा आमचे प्राचार्य घाईत तसेच निघाले, तर सरांनी त्यांना मनगटाला धरून परत आणलं. म्हणाले, "सर, तुमच्या बोटांवर माझं सोनं चाललंय."

सर मूळचे आटपाडीकडचे. तिकडची कितीतरी घरं मेंढरं सोडून गलाईच्या धंद्यात गेली. परमुलखात सराफांच्या बोळात खोली घ्यायची, सोनारांच्या दुकानातला केर, राख, जुनी पायपुसणी आणून जाळायची आणि त्यातलं सोनं आटवून काढायचं. अशा घरातला माणूस केर फेकून कसा देईल? सांगलीतल्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाचा सगळा केर डब्यांत भरून ठेवलेला आहे. झाडणाऱ्या मालनबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "आवं सर, ह्यात नुसत्या उंदराच्या लेंड्या हायत्या!" सर म्हणाले, "असू द्या. उंदीर पण इथंच फिरतोय."

मी मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीत तुटला, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीनं. तरी शेजारच्या खोलीत बसत असल्यामुळे सरांचं सोनं मला ऐकून ऐकून पाठ झालंय. सोन्याचं ढेकूळ आळशी असतं, काही करत नाही. पण त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण करून लोखंडाच्या गंजासारख्या पुडीवर बसवले, की ते कामाला लागतं. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड नावाच्या विषारी वायूला हवेतला प्राणवायू जोडून देतं आणि त्याचं विष घालवतं. त्याला ना आच लागते ना भट्टी. दुसऱ्या पुड्या ओल लागली की बसतात, ही ओलीवर उलट खुलते.

"लय बारीक झाल्याबिगर माणूस बी कामाचा न्हाई," असं सांगताना ते माझ्या पोटाकडे बघायचे. तेवढं मी सोडून देत असे.

एवढं करून सर शोधनिबंध लिहीत नसत, बढतीचं नाव काढत नसत. पुडी करायची, वायू सोडायचा, मीटर बघायचं, पुन्हा पुडी करायची. आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली.

एका दुपारी मी चहाला बोलवायला गेलो, तर फोन स्पीकरवर होता. पलीकडे त्यांचे थोरले भाऊ आप्पा. ते तिकडे केरळात गलाईचं दुकान चालवतात.

"बिरू, तू धाडलेल्या मास्कात सोनं हाय रं!"

"व्हय आप्पा, हाय की."

"कुनी फसवलं गड्या तुला? पुडीत मिसळून दिलंय. म्या मास्काची डबी फोडली, आटवून काढलं. ज्वारीच्या दाण्याएवढं निघालं. धाडतो परत."

सर मटकन स्टुलावर बसले. मला वाटलं रडतात, तर हसत होते. मग खरंच रडले.

त्या दिवशी ते पहिल्यांदा सगळं बोलले. वडील गेल्यावर आप्पानं शाळा सोडून भट्टी धरली, ती बिरूनं शिकावं म्हणून. खोली कोंदट, खाली कोळसा. खिडकी काढ म्हटलं तर आप्पा म्हणतो, वाऱ्यानं सोन्याची रज उडून जाईल. मागं एकदा तो भट्टीपाशीच बेशुद्ध पडला होता. शेजारच्या दुकानदारानं ओढून बाहेर काढलं म्हणून वाचला.

"धंदा सोड म्हनलं तर सोडत न्हाई," सर म्हणाले. "मग त्याच्या नाकाम्होरं काय तरी ठेवायला नगं का?"

मला माझ्या टिंगलीची लाज वाटली आणि या माणसाबद्दल फार माया वाटली.

आप्पानं धाडलेला सोन्याचा मणी आला. सरांनी तो उजेडात धरला. "बघा, किती चोख काढलंय. एवढं शुद्ध सोनं मला कुठल्या कंपनीनं दिलं न्हाई." मग तो आम्लात विरघळवून त्यांनी पुन्हा पुडी केली, नवी डबी भरली आणि फोनवरून आप्पाकडून बिरोबाची आण घेतली, की आता ही फोडायची नाही.

परवा व्हिडिओ कॉल आला. भट्टी पेटलेली, आप्पाच्या तोंडाला मास्क, शेजारी सरांनीच धाडलेलं, तो विषारी वायू मोजणारं मीटर. आप्पा आतून पुटपुटले, "सकाळधरनं बसलोय. आज डोकं धरलं न्हाई रं."

सर पडद्यावरच्या मीटरचा आकडा वाचत होते.

"काढू का आता? तुला तोंड दिसंना माझं."

"नगं आप्पा, ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "तू नुसता श्वास घे. म्या बघतो."