नऊ मिनिटांचं पनवेल

जगातलं प्रत्येक खरं काम खालच्या टाकीत चालतं आणि कीर्ती मात्र वरच्या टाकीला मिळते. हे तत्त्व मला बेलसऱ्यांनी दिलं. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि मी बरोब्बर त्यांच्याखाली, त्यामुळे ते पटायला वेळ लागला नाही. पुरावा माझ्या दिवाणखान्याच्या छतावर आहे. पिवळट डाग, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.

मासे बघायला आलेल्या माणसाला बेलसरे माशांकडे पाठ करून बसवतात. खुर्चीवर नाही, फरशीवर. मग टाकीखालच्या कपाटाचं दार उघडतात, पाहुण्याच्या हातात टॉर्च देतात आणि म्हणतात, "खाली बघा, खाली! वर काय, नुसती शोभा." कपाटात काचेचा दुसरा खोका आहे. त्याचं नाव सम्प. वरचं पाणी पाइपातून त्यात पडतं, स्पंजातून आणि मातीच्या पोकळ नळ्यांच्या ढिगातून जातं, तिथले जिवाणू माशांची घाण खातात आणि निवळलेलं पाणी पंप पुन्हा वर ढकलतो. बेलसरे तीस वर्षं न्हावा शेव्याला बंदरात पंपांवर इंजिनिअर होते. या व्यवस्थेवर एखादी वाडी सहज जगली असती. टाकीत तीन गोल्डफिश आहेत.

"नावं काय हो यांची?" माझ्या बायकोने, सुमनने, एकदा विचारलं.

"कुणाची?"

"माशांची."

"ते हिला विचारा," म्हणत बेलसरे पुन्हा कपाटात शिरले.

घरात तशी वाटणीच होती. मासे वहिनींचे, पाणी बेलसऱ्यांचं. वहिनी म्हणायच्या, "यांना मासे मेलेले कळायचे नाहीत. पाणी फिरतंय ना, मग झालं."

पाणी वर नेणाऱ्या पाइपाला बेलसऱ्यांनी पृष्ठभागालगत टाचणीएवढं भोक पाडलं होतं. लाइट गेली की पंप थांबतो आणि तोच पाइप वरचं पाणी उलटं खाली ओढू लागतो. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरते, ओढ तुटते. भोक नसेल तर खालचा खोका भरतो आणि नंतर घर. हे बेलसऱ्यांनी मला, वॉचमनला आणि सही घ्यायला आलेल्या एका कुरिअरवाल्याला समजावलं होतं. वहिनींना समजावायचं राहिलं. घरच्या माणसाच्या हातात टॉर्च कोण देतं?

वहिनींना दिसली ती पाइपातून उडणारी बारीक चिळकांडी. त्यांनी नळाच्या गळतीला लावतात ती दोन रंगांची पुट्टी मळली आणि भोक बुजवून टाकलं. सुमनला म्हणाल्या, "यांना बोलू नका हं. तीस वर्षं बंदराचे पंप सांभाळले आणि घरचा पाइप गळतोय. उगाच वाईट वाटेल."

आठ दिवसांनी वहिनी हृदयविकाराने गेल्या.

स्मशानातून परतलो तर लाइट गेलेली होती आणि बेलसऱ्यांच्या दारातून पाणी जिन्यावर उतरत होतं. त्यांचे एक चुलते पँट वर दुमडत म्हणाले, "असू दे, पाय धुवायचेच होते." कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाय तिथेच धुतले. श्रीलंका त्या दिवशीची.

तेव्हापासून बेलसरे नऊ मिनिटांत राहतात. पंप थांबल्यापासून सम्प काठोकाठ भरायला नऊ मिनिटं लागतात. तेवढ्यात घरी पोचून पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचललं की संकट टळतं. हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं आहे. म्हणून ते चालत नऊ मिनिटांपलीकडे जात नाहीत. दुकानात शिरले की आधी छताचा पंखा फिरतोय का ते बघतात, मग भाव विचारतात. एकदा पंखा थांबला, तर अर्धा किलो वांगी काट्यावर टाकून हा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ धावत सुटला. आपटा गावात भाच्याचं लग्न झालं, ते यांच्याशिवाय झालं. पुढे गुडघा धरला आणि पनवेल आणखी आकसलं. आधी वडाळे तळं गेलं, मग भाजी मार्केट. आता कोपऱ्यावरचा वाणी उरला आहे. तो सज्जन माणूस आहे, लाइट गेली की स्वतःच ओरडतो, "काका, पळा!"

एकदा हात पोळला म्हणून माणूस धास्तावलाय, असं आम्ही समजत होतो. पुट्टी त्यांनी कधीच काढून टाकली असेल हे मी गृहीत धरलं होतं.

परवा त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा, पुण्याहून फोन आला. "काका, शनिवारी बारसं आहे. बाबा म्हणतात, जमणार नाही. आई नाही, निदान बाबा तरी... तुम्ही सांगून बघा ना."

मी वर गेलो. सवयीने फरशीवर बसलो.

"बेलसरे, शनिवारी पुण्याला जाऊन या. चावी माझ्याकडे द्या. लाइट गेलीच तर पाइप मी उचलतो."

"तुम्हाला नाही जमायचं."

"त्यात काय जमायचंय?"

"मागे तुम्ही आमच्या बाथरूमचा नळ उलटा पिळला होता."

हे खरं होतं.

"मग इन्व्हर्टर बसवा."

"बॅटरीवर विश्वास ठेवू? तुमच्यासारखा माणूस देवावरसुद्धा ठेवत नाही."

"अहो, पण ते भोक? ते तर तुम्ही कधीच मोकळं केलं असेल ना?"

बेलसऱ्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. "वर बघा," म्हणाले.

त्या घरात मला वर बघायला पहिल्यांदाच सांगण्यात आलं. पाइपावर पुट्टीचा राखाडी गोळा होता. त्यावर अंगठा दाबल्याची खूण होती, रेषान् रेषा स्पष्ट, आणि मधून एक तिरपी चीर. वहिनींचा अंगठा विळीवर कापला होता तेव्हा रिक्षा मीच बोलावली होती.

मी टॉर्च तिथेच धरला. मासे मध्ये मध्ये येत होते.

"ते राहू द्या मग," मी म्हटलं. "बाजूला दुसरं भोक पाडा. दोन मिनिटांचं काम."

"अर्ध्या मिनिटाचं. तीस वर्षं पंपांवर काढली, मला सुचलं नसेल?"

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेऊन बंद केला.

"मग घरी लवकर यायचं कशासाठी, ते सांगा."

मी खाली सम्पकडे बघू लागलो. तिथे सगळं व्यवस्थित चाललं होतं.

शनिवारी बेलसरे सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून कपाटासमोर फरशीवर बसले. सुमन आणि मी त्यांच्याबरोबर होतो. मुग्धाने व्हिडिओवर पाळणा दाखवला. पंपाच्या आवाजात त्यांना नाव ऐकू आलं नाही, तिने दोनदा सांगितलं. मग त्यांनी फोन कपाटात धरला आणि नातीला म्हणाले, "खाली बघ, बाळा, खाली." संध्याकाळपर्यंत शर्ट तसाच होता. वाणीही दिवसभर दुकानातल्या पंख्यावर नजर ठेवून होता.

त्या शनिवारी पनवेलची लाइट एकदाही गेली नाही.