आईच्या जिन्यासाठी ग्राफिक्स कार्ड

कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारं माणूस आमच्या घरात एकच, आणि ते म्हणजे मी. दुसरा उमेदवारच नसल्यामुळे माझी निवड बिनविरोध झालेली आहे!

बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान. आई जिने आखते. गोल, सरळ, लाकडी, लोखंडी, कसलाही जिना ती कॉम्प्युटरवर कॅड नावाच्या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये आखते आणि मग कोणीतरी तो बांधतं. इतकी वर्षं ती एका साहेबांच्या ऑफिसात हेच करायची, तेही नुसत्या सपाट नकाशांत, आणि नकाशावर नाव साहेबांचं पडायचं. यंदा तिने नोकरी सोडली आणि तिचं पहिलंवहिलं स्वतःचं काम चालून आलं: वाचनालयात मुलांच्या विभागाकडे जाणारा जिना. ही गोष्ट सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ग्रंथपालबाई आमच्याकडे येऊन तो स्क्रीनवर चहूबाजूंनी बघणार आणि होय की नाही ते सांगणार होत्या.

आणि आमचा कॉम्प्युटर! आईने जिना फिरवायला माऊस हलवला की तो असा गप्प व्हायचा, जणू त्याचा दहावीचा निकाल लागायचाय. मग निम्मा जिना फिरायचा आणि निम्म्या पायऱ्या हवेत लटकून राहायच्या.

मी निदान केलं की ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला चित्रं उमटवणारा भाग. तुला नक्की कळतं ना, असं आईने विचारल्यावर मी तिला सांगितलं की वर्गातली सगळी मुलं मला विचारूनच कार्ड घेतात. (सगळी म्हणजे एक. त्यानेही शेवटी सायकल घेतली.)

मी फोनवर एक कार्ड पसंत केलं. तीन पंखे, सात रंगांचे दिवे, आणि रुबाब असा की बघणाऱ्याने उठून उभं राहावं! पण आमच्या घरात माप घेतल्याशिवाय सुईसुद्धा विकत घेतली जात नाही. बाबांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, कार्डाच्या मापाचा बेतला, कापला आणि कॉम्प्युटर उघडून आत घालून पाहिला. पुठ्ठा टोकाला किंचित वाकला, पण गेला.

"जरा अंगासरशी बसतंय," बाबा म्हणाले, "पण बसतंय."

झालं, ट्रायल पास!

मग मी कार्ड आणायला गेले. कॉम्प्युटरच्या दुकानातले काका भारी बोलके. कार्ड कशासाठी हवंय ते ऐकून त्यांनी एक बारीकसं करडं कार्ड काढून ठेवलं. ना दिवा, ना रंग. फ्रीजमागच्या पत्र्याचा तुकडा वाटावा असं. मी नाक मुरडून माझ्या तीनपंखीकडे बोट दाखवलं.

"बेटा, ते शर्यतीचं घोडं आहे," काका म्हणाले. "तुझ्या आईला हवंय खेचर. दिवसभर ओझं वाहील आणि पाय घसरू देणार नाही."

आमची आई खेचरावर बसणाऱ्यांतली नाही, असं त्यांना ऐकवून मी घोडं घरी आणलं.

आता, पुठ्ठा वाकतो. कार्ड वाकत नाही! हे शास्त्रीय सत्य आम्हाला दुकानाच्या कोपऱ्यातल्या आईच्या टेबलाशी उकिडवं बसल्यावर कळलं. बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. बहुधा कुठे शिवण उसवून सैल करता येईल का, ते शोधत होते. शेवटी हार्ड डिस्क तिच्या जागेवरून काढली आणि पायजम्याच्या इलॅस्टिकने बाहेर टांगली. तेव्हा कुठे घोडं तबेल्यात शिरलं. पण तबेल्याचं दार काही लागेना.

बटण दाबलं आणि पंखे असे सुटले की बाबांचे कपडे बेतायचे कागद खोलीभर उडाले. एक कागदी कॉलर आईच्या डोक्यावर येऊन बसली. दिवे लाल, निळे, हिरवे! एक गिऱ्हाईक डोकावून सेल लागलाय का विचारून गेलं. आईने माऊस हलवला, जिना झोकात वळू लागला, आणि फट्! सगळा कॉम्प्युटरच बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा फट्. त्या घोड्याची भूक आमच्या कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याला झेपतच नव्हती.

आई म्हणाली, जुनं कार्ड परत लाव. जुनं कार्ड मी तोवर भंगारवाल्याच्या हवाली केलं होतं. आत्मविश्वास म्हणतात तो हा!

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त काळ्या पडलेल्या स्क्रीनवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे. हाताने काढून दाखवेन." आणि पेन्सिल शोधायला लागली. मी घोडं पुन्हा खोक्यात भरलं.

सकाळी काकांचं दुकान उघडायच्या आधीच मी खोकं घेऊन पायरीवर हजर होते. काकांना टोमणे मारायचा पुरेपूर हक्क होता, पण त्यांनी एकच मारला: "घोडं दमलं वाटतं?" मग त्यांनी करडं कार्ड घेऊन उघडलेलं कुलूप पुन्हा लावलं आणि ते माझ्याबरोबर निघाले. वाटेत कार्डांवर इतकं मोठं व्याख्यान दिलं की मला जांभया आवरेनात, पण त्या माणसाच्या पाया पडावं असंही वाटत होतं. घरी येऊन त्यांनी हार्ड डिस्क जागेवर बसवली, करडं कार्ड लावलं आणि आईला जिना फिरवायला सांगितलं.

जिना फिरला. लोण्यातून सुरी फिरावी तसा, आणि एकही पायरी मागे राहिली नाही! मी आभार मानायला गेले तर म्हणाले, आधी झाकण लाव, आत धूळ जाईल.

दुपारी ग्रंथपालबाई काठी टेकत आल्या. आईने माऊसवर हात ठेवला.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी होय सांगायलाच आलेय."

बाबांनी खुर्ची पुढे केली. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे गुडघे कामातून गेलेत. डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जिना मात्र त्या कुठेही न थांबता चढल्या. हा आखला कोणी, असं त्या विचारत सुटल्या. नकाशावरच्या साहेबांना जिन्यातलं काही सांगता येईना. शेवटी तो बांधणाऱ्या वेल्डरने आईचा पत्ता दिला.

"चित्र कशाला बघू?" त्या म्हणाल्या. "मी तुमचा जिना चढून आलेय."

आईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "तरी बघाच. माझ्या माणसांनी यासाठी फार धावपळ केलीय."

आणि तिने तो त्यांना सगळ्या बाजूंनी दाखवला.

बाई गेल्यावर मी हळूच विचारलं, "म्हणजे कार्ड नसतं तरी चाललं असतं?"

"कामासाठी चाललं असतं," आई म्हणाली. तिचा हात अजून माऊसवरच होता आणि जिना संथपणे गोल फिरत होता. "पण इतक्या वर्षांत मी आखलेला जिना मागून कसा दिसतो, ते मला आज कळलं."

हे सगळं कोणामुळे घडलं ते सांगायला मी तोंड उघडलं. मग झाकणाआड मुकाट राबणारं ते करडं कार्ड आठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता तोंड मिटलं.