शेंदूर चढलेल्या मापाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. घडले तैसे लिहितो. पदरचे मीठमिरची घालीत नाही, घालावयास मन उरले नाही.

शके अठराशे नऊ, सर्वजितनाम संवत्सरे, आश्विनमासी राज्यावर परचक्र आले आणि महाराजांनी शिलेखान्यातील तीनशे जुन्या बंदुका तपासून पलटणीस द्याव्या ऐसी आज्ञा केली. तपासणीची रीत ऐसी की, थोरल्या महाराजांचे वेळचे एक पोलादी काडतूस होते, ते बंदुकीचे घरात, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, घालावे आणि मागील अडसर लोटावा. अडसर बसला तर घर फाजील खोल, बंदूक रद्द. न बसला तर बंदूक खरी. परंतु ते पोलाद देव होऊन बसले होते, आणि दर खंडेनवमीस शिलेखान्याचे दरोगे अंबरराव स्वहस्ते त्याचे बुडास तेलशेंदूर चढवीत, आणि वीस वर्षांचे थर साचून माप जाड जाले, आणि मग कितीही झिजली बंदूक आणिली तरी अडसर म्हणून बसेना. तीनशेही खऱ्या ठरल्या आणि दरबारी पेढे वाटिले.

शिलेखान्याचा जुना कारागीर गोंदाजी जिनगर, त्यास तो पेढा गिळवेना. त्याचा पाठचा भाऊ म्हाळू त्याच पलटणीत शिपाई होता. आईबाप पटकीने गेले तेव्हा गोंदाजीनेच त्यास कडेवर वाढविला होता. मग त्याने भावाची बंदूक घरी आणविली, आणि बायको सगुणा हिने कणकेची खळ करून दिली, आणि रिकाम्या काडतुसाचे बुडास कागदाची चकती डकवून त्याने अडसर लोटला, तो बसला. दुसरी डकविली, तोही बसला. येथवर चिंता नव्हती, दोन कागदांची फट चालते. मग तिसरी बसली, चौथी बसली, सातवी बसली आणि गोंदाजीने खळीची वाटी दूर सारिली.

सगुणा म्हणाली, "अहो, एवढ्याशा कागदानं काय होतंय?"

"बार उडाला की काडतूस मागं सरकतंय आणि बुडाशी फाटतंय. जाळ सरळ तोंडावर येतो गं!"

मग त्याने गंधक वितळवून बंदुकीचे घरात ओतिला, थिजल्यावर ठसा काढून परकाराने मापिला, तरी घर फाजील खोलच निघाले.

दुसरे दिवशी हात जोडून दरोग्यांस म्हणाला, "सरकार, शेंदूर खरवडू द्या. माप खोटं झालंय."

अंबरराव कडाडले, "देवाचं अंग खरवडतोस? थोरल्या महाराजांचं पोलाद खोटं आणि तुझ्या बायकोची खळ खरी, होय रे?" कारकून खो खो हसले. परंतु दरोगे काही खुळे नव्हते. त्यांनी त्यास बाजूस घेतिले आणि हळूच म्हणाले, "पेढे वाटून झाले, आता महाराजांना कोण सांगणार? माझी मान जाईल. तुझ्या भावाच्या बंदुकीचा अडसर बदलून फट बुजव आणि तोंडाला कुलूप लाव."

आणि गोंदाजीने लाविले. हाय हाय, लाविले!

मग खिंडीत गाठ पडली, आणि पहिल्याच फैरीस अठ्ठावीस बंदुका मागून फुटल्या, आणि पलटण आपल्याच हत्यारांस भिऊन ती टाकून पळाली, आणि राज्य दोन प्रहरांत बुडाले. म्हाळू धडधाकट घरी आला, एका आंधळा जालेल्या सोबत्यास हाती धरून. सगुणेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तैसाच राहिला.

म्हाळू म्हणाला, "दादा, माझ्या डाव्या हाताचा मेला, उजव्या हाताचा हा असा झाला. माझीच कशी फुटली नाही? तू अडसर का बदललास?"

"तुझ्यासाठी रे."

"मला सांगितलं असतंस तर मी सगळ्यांना सांगितलं असतं. म्हणूनच सांगितलं नाहीस ना?"

म्हाळू सोबत्यास घेऊन उठला आणि वहिनीचे पाया पडून चालता जाला.

सारांश, बंदुका तीनशे, फुटल्या अठ्ठावीस, मेले अकरा. अंबरराव नव्या राज्यातही दरोगेच आहेत. म्हाळू त्या आंधळ्याचे शेत नांगरितो आणि थोरल्या भावाचे गावी येत नाही. वाचणाराने गोंदाजीस खुशाल नावे ठेवावी. मात्र त्याआधी आपल्या पाठच्या भावाचे तोंड एकवार आठवावे.