टेलचा माणूस आधी

भीमाआबा कुणाच्या दारात गेले की बेल वाजवत नाहीत, कडीला हात लावत नाहीत. लांब उभे राहतात, दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि ओरडतात, "कोण हाय का?" आवाज असा की पलीकडच्या तीन घरांतली माणसंही "हाय, हाय" म्हणत बाहेर येतात. मी बारामतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आबांचा लिफ्टवर विश्वास नाही आणि जिन्याशी भांडण आहे, म्हणून ते खालूनच हाक मारतात. पहिल्यांदा आले तेव्हा शेजारच्या काकू रद्दी घेऊन खाली गेल्या होत्या.

ही सवय जुनी आहे. आबा उभा जन्म कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे रानात पाणी सोडणारा माणूस. बांधावरून हाक द्यायची, उसातून "हाय, हाय" असं उत्तर आलं की पाटाचं दार उचलायचं. अर्धा इंदापूर तालुका पाणी मागत त्यांच्या मागं फिरलेला. आणि अशा माणसाला रिटायर झाल्यावर छंद कसला लागावा? निवडुंगांचा!

"जल्मभर ज्यानं त्यानं पाणीच मागितलं बघा म्याडम," आबा सांगतात. "ह्यो एकच गडी भेटला, जो काय मागत न्हाय."

आमचं निवडुंग मंडळ आहे. हसू नका, आहे! महिन्यातून एकदा बारामतीत जमतो, जो तो आपली कुंडी घेऊन येतो. पण सभासद बहुतेक ऊसवाले. हात उसाचा, त्यामुळे कुंडी दिसली की पाणी भरतात आणि बिचारा निवडुंग बुडाशी सडतो. मग कुंडी आबांसमोर येते. आबा तिच्याकडं नीट बघतही नाहीत. "पाणी बंद!" म्हणतात. फूल येत नाही? पाणी बंद. पिवळा पडला? पाणी बंद. एकानं सून रुसल्याची तक्रार केली, तर त्यालाही तेच. "आठ दिवस पाणी बंद. म्हंजे तिच्या मागं मागं करू नका." सून पाचव्या दिवशी बोलायला लागली म्हणे.

पण गेल्या वर्षापासून माणसं गळायला लागली. कुणाचे गुडघे, कुणाचे डोळे, कुणाच्या गावची एसटी बंद. एका सभेला आम्ही सहाजण आणि अकरा कुंड्या. अध्यक्ष म्हणाले, "आता पुरे करू. दिवाळीला मंडळ बंद." मी आबांकडं पाहिलं. ते टोपी काढून मांडीवर घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मला राहवलं नाही. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्या भरात बोलून गेले, "आपण ऑनलाइन फोरम काढू! घरबसल्या फोटो टाकायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायचं."

"फोनवर ग्रुप होता की," अध्यक्ष म्हणाले. होता खरा. त्यात रोज सकाळी ढीगभर गुलाब यायचे, निवडुंग एकही नाही.

"फोरमवर गुलाब नाहीत," मी म्हटलं.

"आणि ही आपली माणसं कॉम्प्युटरवर येणार? दिवाळीपर्यंत आपले बावीसच्या बावीस सभासद आले तर मंडळ चालू. नाहीतर कुलूप."

"व्हतंय!" आबा ताडकन उठले. कुंडी कलंडली.

मी म्हटलं, ज्यांना थोडंफार येतं त्यांच्यापासून सुरुवात करू. आबा माझ्यावर उखडलेच. "न्हाय! टेलचा माणूस आधी!" कालव्याचं पाणी वरच्या तोंडापासून वाटायला घेतलं, तर वरचेच भिजवत बसतात आणि टेलचा, म्हणजे अगदी शेवटचा, कोरडाच राहतो. म्हणून सुरुवात शेवटाकडून. आबांनी वहीत यादी केली. जो कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त भितो, तो पहिला.

पहिले निघाले कळसचे धोंडीराव. मेंढरं राखलेला, लांडग्याला न भ्यालेला गडी, पण मुलानं दिलेला फोन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. आबा बाजेवर वही उघडून बसले. मी शेजारी.

"हितं दाबा. बोटानं हो, नखानं न्हाय. फोन हाय धोंडीराव, इच्चू न्हाय."

"मोडलं बिडलं तर?"

"मोडू द्या. म्याडम हायत्या की."

धोंडीरावांनी तासाभरात आपली पहिली नोंद लिहिली. ती मला तोंडपाठ आहे. 'स.न.वि.वि. आमचेकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. निवडुंग मेला आहे. कळावे, लोभ असावा.' मी हसून हसून बेजार. आबांनी मात्र धोंडीरावांच्या पाठीत असा धपका मारला की फोन उडून बाजेखाली गेला. "आला! टेलला आला!"

मग काय, आबांच्या अंगात संचारलंच. दर रविवारी माझ्या स्कूटीवर मागं बसून, हातात वही घेऊन, गावोगाव. भिगवणला हायवेवर मालनताईंचं मच्छीचं हॉटेल आहे. त्यांचे हात कायम मसाल्यात, म्हणून त्यांना मी बोलून लिहायला शिकवलं. फोन ऐकेल ते सगळं लिहितो हे सांगायचं मात्र राहून गेलं. फोरमवर नोंद झळकली, 'माझ्या गोल निवडुंगाला कळी आलीय दोन चिलापी फ्राय भाकरी गरम आण फॅन लाव.' खाली धोंडीरावांचं उत्तर, 'स.न.वि.वि. अभिनंदन. एक चिलापी आमची.'

दसऱ्यापर्यंत अठराजण झाले. मी हवेत होते! आणि एका बुधवारी फोरम गप्प झाला. गुरुवारी गप्प. शुक्रवार, शनिवार, चिटपाखरू नाही. मी सगळं तपासलं, सगळं चालू. शेवटी मालनताईंना फोन केला.

"माझी पाळी कालची होती वो म्याडम," त्या म्हणाल्या. "पन धोंडीरावांनी अजून बंद केलं न्हाय. ते चालू असताना मी कशी लिहू? त्यांचं पाणी बारीक व्हईल की."

आता बोला! आबांनी सगळ्यांना पाळीपत्रक वाटलं होतं. अमक्यानं मंगळवारी सात ते नऊ लिहायचं, 'बंद केलं' असं कळवायचं, मग पुढच्यानं लिहायचं. धोंडीराव मंगळवारी लिहून तसेच लेकीकडं गेले, बंद केल्याचं कळवायचं विसरले, आणि त्यांच्या खालची झाडून सगळी माणसं शहाण्यासारखी खोळंबून बसली होती. चोरून पाणी घ्यायची कुणाची तयारी नाही!

मी आबांना गाठलं आणि तडतडले. "आबा, हा कालवा नाही! सगळे एकदम लिहू शकतात!"

"सगळे एकदम?" आबा बघतच राहिले. "आन् टेलला कमी पडत न्हाय?"

"थेंबभरही नाही!"

आबांनी वहीतलं पाळीपत्रक काढून एकवार बघितलं. मग एकदम टाळी वाजवून ओरडले, "आरं तिच्या! मग उचला की सगळी दारं!" त्या दिवशी फोरमवर एवढी गर्दी झाली, की मला जेवायला उसंत मिळाली नाही.

दिवाळी दोन दिवसांवर आली. मी मोजलं, एकवीस. परत मोजलं, एकवीसच. राहिलं कोण? वही चाळली आणि कपाळाला हात लावला. आबा! सगळ्यांना फोरमवर आणणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नावच नव्हतं. स्कूटी नेमकी गॅरेजात, म्हणून मी दुपारच्या एसटीनं त्यांच्या गावी गेले, भवानीनगरच्या अलीकडं. आबा बांधावरच भेटले. घरी नेलं. दाराला कुलूप होतं. आबांची बायको नातवंडं सांभाळायला पुण्याला गेलेली, ती तिकडचीच झाली. "काटे ठेवा नाहीतर मला," असं म्हणायची. काटे राहिले.

आबांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातून आत हाक दिली, "कोण हाय का?"

आत फक्त कुंड्या होत्या. आबा चप्पल काढून आत गेले, जणू रोजचंच. मी मात्र दारातच थबकले.

"आबा, तुमचं नाव कुठाय?"

"पाटकऱ्यानं आपलं रान आधी भिजवायचं नसतं. लोक नावं ठिवत्यात."

"सगळ्यांचं भिजलं. आता टेलचे तुम्हीच."

आबांनी खिशातून फोन काढला. जुना, बटणांचा. "म्याडम, मला यातलं काय येत न्हाय. तुमी जे बोलायचा, ते वहीत लिहून घेतलं आन् वाचून दावलं. दाबायचं भ्या वाटतंय." मग कुंडीकडं बघत म्हणाले, "रिटायर झाल्यापास्नं हाक मारली तर उत्तर कोण देत न्हाय बघा. मंडळात देत्यात. ते बी बंद पडलं तर..."

मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. "हितं दाबा," मी म्हटलं. "बोटानं. इच्चू न्हाय."

नाव घातलं. पासवर्ड त्यांनी स्वतः सुचवला, 'पाणीबंद'. मग एका बोटानं त्यांनी पहिली नोंद लिहिली. तीनच शब्द, पण पाव तास लागला.

'कोण हाय का'

मिनिटभर काहीच नाही. आबा फोन लांब धरून बघत राहिले. मग टिंग. 'हाय आबा हाय रस्सा उतरव खाली.' टिंग. 'स.न.वि.वि. आहे.' टिंग, टिंग. इंदापूरहून, भिगवणहून, बारामतीहून. अध्यक्षांनीसुद्धा लिहिलं, 'हाय.' पाळी कुणाचीच नव्हती.

"आबा, द्या फोन," मी म्हटलं. "माझी शेवटची एसटी."

"थांबा वो. अजून तिघं ऱ्हायल्यात."

एसटी गेली. आबा उंबऱ्यात बसून एकेक नाव बोट ठेवून वाचत होते, आणि प्रत्येक नावाला मोठ्यानं ओ देत होते, "हाय, हाय!"