गाडी सुरू करायची नाही

बारामतीतल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये १९६३ सालची फियाट उभी होती आणि विमलताईंचा डावा गुडघा तिच्यावर अवलंबून होता.

त्यांचे यजमान रघुनाथराव बत्तीस वर्षं वालचंदनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसातली साखर दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत मोजणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी साडेचार लाखांना ही गाडी घेतली. हिशेब सरळ होता. जुन्या गाडीची किंमत वाढत जाते. पुरेशी वाढली की विकायची आणि विमलताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाकायचं.

चालवली की किलोमीटर वाढतात आणि किंमत उतरते, म्हणून गाडी चालवायची नाही. सुरू केली की इंजिन झिजतं, म्हणून सुरूही करायची नाही. पुसल्यानं मूळ रंग जातो, म्हणून फडकं लावायलाही बंदी. गाडीमुळे पुढचं दार वीतभरच उघडे, तेव्हा घरातली ये-जा मागच्या दारानं, सात पायऱ्यांवरून सुरू झाली. डॉक्टरांकडे दोघं रिक्षानं जात.

किंमत ठरवण्याची पद्धत शास्त्रीय होती. बारामती-इंदापूर अभिजात वाहनधारक संघाचे अकरा सभासद दरवर्षी आपापल्या गाडीची अपेक्षित किंमत कळवत. चिटणीस विजयसिंह त्यांची सरासरी काढत, तीत दहा टक्के वारसावाढ मिळवत आणि शाल-श्रीफळासह मूल्यवृद्धीचं प्रमाणपत्र देत. आजवर एकाही सभासदानं गाडी विकली नव्हती. विकल्यानं खरा आकडा कळतो आणि मग सरासरीला अर्थ राहत नाही, असं विजयसिंहांचं म्हणणं होतं.

तिसरं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, तेव्हा विमलताईंनी ऑपरेशनची आठवण करून दिली. रघुनाथरावांनी कागद पुढे ओढला.

"ऑपरेशनचा खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढतो, गाडी चौदा टक्क्यांनी. म्हणजे आपण दरवर्षी सहा टक्के फायद्यात दुखतोय."

"दुखतंय मला," विमलताई म्हणाल्या.

चौथ्या वर्षी पायऱ्यांमुळे उजवा गुडघाही गेला. आता गाडीनं दोन गुडघे भागवायचे होते, त्यामुळे आणखी थांबणं भागच होतं.

सातव्या प्रमाणपत्रानंतर एका सकाळी कोऱ्हाळे बुद्रुकचे बागायतदार मानसिंग आले. नात सोनमची पाठवणी याच गाडीतून करायची त्यांच्या मनात होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि भाव विचारला.

"अकरा लाख," रघुनाथराव म्हणाले.

"दिलं. चेक आत्ता लिवतो."

रघुनाथराव सावध झाले. या भागात म्हैससुद्धा कुणी भाव पटला नाही म्हणून एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आल्याशिवाय घेत नाही. मग हा माणूस एका शब्दात हो म्हणतो, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे. चहाचं निमित्त करून ते आत गेले आणि त्यांनी विजयसिंहांना फोन लावला. संघाची तातडीची सभा फोनवरच भरली आणि पाऊण तासात ठराव झाला: मागितलेली किंमत घासाघीस न होता मिळत असेल, तर मागण्यात चूक झाली असं समजावं. दुरुस्त किंमत, चौदा लाख.

मानसिंगांनी ती शांतपणे ऐकली आणि पेनाला टोपण लावलं.

"रघुनाथराव, मी हितं नुसता बसलो तर तीन लाख वाढलं. आणिक एक च्या घेतला तर माझं रान जायचं."

ते उठले. तेवढ्यात मागच्या दारानं उतरून, बंगल्याला वळसा घालून विमलताई लंगडत चहा घेऊन आल्या. मानसिंगांनी कपबशी हातात घेत चौकशी केली आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. त्यांना वाईट वाटलं.

"वहिनी, गाडीचं ऱ्हाऊ द्या. लॉकरात काय असंल की तुमच्या."

"आहेत ना, बावीस तोळे," विमलताई म्हणाल्या. "पण आत्ता मोडायचं? भाव बघताय ना कसा चढतोय."

मानसिंगांना ते लगेच पटलं. त्यांचेही दहा गुंठे इंदापूर रस्त्याला अकरा वर्षं पडून होते. तिघांनी समाधानानं चहा संपवला.

वाचता वाचता तुम्हाला तुमच्या कपाटातली लॉकरची किल्ली आठवली असेल, तर ती जागेवरच असू द्या. भाव चढतोच आहे. पायऱ्या मात्र सातच आहेत, त्या काही वाढत नाहीत.