नकाशा नवा होईपर्यंत

गुणवंतराव गाडीत बसले की आधी नकाशातल्या बाईशी भांडतात. जठारपेठेतून बाहेर पडताना ती "उजवीकडे वळा" म्हणाली, की हे हमखास डावीकडे वळणार. "थे बाई कधी अकोल्यात आली होती काय?" असा त्यांचा सवाल.

ते माझे शेजारी, एकटेच राहतात. सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली, त्यामुळे कागदावर विश्वास नाही. "मोक्यावर पाहू", म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहू, हा त्यांचा मंत्र. भाजी ताजी आहे? मोक्यावर पाहू. भाचीसाठी स्थळ आलंय? मोक्यावर पाहू. गाडीत कंपनीनेच बसवलेला नकाशा जुना झाला, तेव्हा तो नवा करून द्यायला त्यांनी मला गाठलं. मी निवृत्त भूगोलशिक्षक. नकाशा म्हटलं की माझी छाती फुगते. आत नुसती हवा असते हे बायकोला माहीत आहे, त्यांना नव्हतं.

पहिल्या खेपेला मी चार तास खपून पेनड्राइव्हवर फाइल उतरवली. गाडीने ती घ्यायला साफ नकार दिला. मी दक्षिण आफ्रिकेचा नकाशा आणला होता. तीस वर्षं पोरांना जग शिकवलेला मी!

"राहू द्या मास्तर," गुणवंतराव म्हणाले, "तिकडं बी रस्ते चांगले असतीन."

दुसऱ्या खेपेला फाइल बरोबर निघाली. पण हे काम तासभर चालतं आणि तोवर इंजिन बंद करायचं नसतं. उभ्या उभ्या पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणून आम्ही अमरावतीच्या रस्त्याला लागलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे काटा तळाला टेकला. टाकी बघून निघावं हे मला सुचलंच नव्हतं. पंपावरचा माणूस म्हणे, गाडी बंद करा. गुणवंतराव म्हणे, "नकाशा चालू हाय, बंद नाई होत." शेवटी मीच किल्ली फिरवली. नकाशा अर्ध्यात अडकला आणि दोष मी पंपवाल्याला दिला.

तरी दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी बोलावणं यायचंच. "मास्तर, नवा नकाशा निघाला म्हंते." मी पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशाला सगळ्यांना दिसेल असा लावून निघे. मग गाडी चालू, टक्के मोजत गप्पा, वाटेत गरम भजी. नकाशात एखादा नवा पूल दिसला, की उतरून त्याच्यावर चालून यायचं.

परवाच्या रविवारी पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर आलं : नकाशा आधीच नवा आहे. तारीख शुक्रवारची होती.

"गुणवंतराव, हे कोणी केलं?"

"म्याच. राहवलं नाई, अन् तुमाले समजन असं वाटलं नाई."

"तुम्हाला येतं?"

"पयल्यापासून येते. तुमी पंपावर अडकवला, थो बी म्याच घरी पुरा केला."

माझे कान तापले. इतके रविवार मी या माणसाला टक्के म्हणजे काय ते समजावत होतो! "मग मला कशाला बोलावत होता?"

ते स्टीअरिंग पुसू लागले.

"मोजणीत फीत एकट्यानं धरता येत नाई, मास्तर. पलीकडं माणूस लागतेच. सारी नोकरी पलीकडं कोणी ना कोणी उभं रायलं. आता घरात आवाज देल्ला, त ओ देणारं कोणी नाई. नुसतं बसाले या म्हटलं असतं, त तुमी आले असते काय?"

नसतो आलो. कामाचा माणूस होतो ना मी! खरं तर शाळा सुटल्यापासून मला काही विचारणारे हे एकटेच होते, आणि मी दर रविवारी त्यांच्या हाकेची वाट बघायचो. मला फार लाज वाटली.

पेनड्राइव्ह काढून मी पँटच्या खिशात टाकला. "चला, अमरावतीकडे जाऊन येऊ."

"काही काम नसतानी?"

"काही काम नसताना."

त्यांनी किल्ली फिरवली, आणि बाई "उजवीकडे वळा" म्हणताच हमखास डावीकडे वळले.