रुस्तुमची चंदी

रंगराव पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या तोंडात पाहिले. सासरे आजऱ्याहून एस. टी. ने आले होते. प्रवासाने शिणले होते. ओसरीवर टेकल्या टेकल्या त्यांनी मोठी जांभई दिली. रंगरावांना तेवढी संधी पुरली. ते वाकले, मान तिरकी करून आत डोकावले आणि निराश होऊन मागे सरले.

"कवळी हाय," ते मला म्हणाले. "वयाचा अंदाज लागायचा न्हाई."

सासरे दोन दिवसांनी परत गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले की तोंडावर उपरणे धरून जांभई देत.

यात रंगरावांचा तसा दोष नव्हता. तीस वर्षे त्यांनी संस्थानच्या पागेत चंदीचे कारकून म्हणून काढली होती. चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा खुराक. कोणत्या घोड्याला किती हरभरा, किती गूळ, थंडीत कोणता मसाला, हे सगळे ते तोलून देत आणि घोड्याचे वय दात बघून ठरवत. संस्थान विलीन झाले, पागा मोडली, घोडे कुठे कुठे गेले आणि रंगराव पेन्शनीत निघाले. मंगळवार पेठेत त्यांचे आणि माझे घर एका अंगणाला लागून. ते एकटेच राहत. मूलबाळ नव्हते आणि बायको मी तिथे राहायला येण्यापूर्वीच वारली होती. तेव्हा तपासायला उरलो आम्ही शेजारी.

"काय मोजणीदार, चंदी झाली का?" हा त्यांचा सकाळचा रामराम. मी जमीन मोजणी खात्यात होतो म्हणून मोजणीदार. झाली म्हणावे तर काय काय झाली ते सांगावे लागे. दोन भाकरी म्हटले की ते माझ्या बरगड्यांकडे बघत आणि म्हणत, "कमी हाय. तुमच्या उंचीला तीन पायजेत." स्वतः ते इतके वाळलेले होते की सदरा खुंटीवरून काढून घातला काय आणि खुंटीवरच राहिला काय, फरक कळू नये.

माझ्या बायकोला मात्र ते आवडत. तिच्या भाकरीला त्यांनी एकदा "पागेतसुद्धा अशी न्हवती" असे म्हटले होते. तिने ते कौतुक म्हणून घेतले.

मग रुस्तुम आला. आला म्हणजे पावसात गटाराकडेला कुडकुडत बसलेले एक तांबडे पिल्लू रंगरावांनी धोतराच्या सोग्यात उचलून आणले. जात गावठी. एक कान उभा, एक पडलेला. नाव मात्र रुस्तुम. महिन्याभरात त्याची चंदी ठरली. सकाळी अर्धा शेर म्हशीचे दूध, दुपारी तूप-गुळात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी भिजवलेले हरभरे. हरभऱ्याचा परिणाम आम्हा शेजाऱ्यांना नाकाने कळे. कुत्र्याला हरभरा कशाला, असे मी एकदा विचारले.

"घोड्याला चालतो," रंगराव म्हणाले.

"हा कुत्रा आहे."

"म्हणून तर पाव हिस्सा देतो की!"

दर सोमवारी ते रुस्तुमला घेऊन लाकडाच्या वखारीत जात आणि त्याला काट्यावर बसवत. एका पारड्यात वजने, दुसऱ्यात जीभ बाहेर काढलेला रुस्तुम आणि भोवती जळण न्यायला आलेली माणसे. आकडा ते मला येऊन सांगत, कारण आकड्याची कदर मला एकट्यालाच आहे असा त्यांचा समज होता. खरे सांगायचे तर मला ती होती. शेवटचा आकडा बारा शेर होता. त्यांची चेष्टा मी पाच वर्षे करत आलो होतो; आता ती याच समजावर चालायची. मी त्यांना गंभीर चेहऱ्याने विचारी, "मग आता नाल कधी मारायचे?" तेही तितक्याच गंभीरपणे सांगत, "कुत्र्याला नाल मारत न्हाईत, मोजणीदार. खूर नसतो."

एका शुक्रवारी संध्याकाळी मी घरी नकाशावर काम करत बसलो होतो. गटाच्या हद्दी जुळत नव्हत्या. रंगराव दारात येऊन उभे राहिले. रुस्तुमला दोन दिवस झोप नाही, सारखा फिरतो, असे म्हणाले. जायफळ द्यावे म्हणतो.

"तान्ह्या पोराला सहाणेवर दोन वळसे उगाळून देत्यात. रुस्तुमला किती वळसे द्यावेत?"

माझे डोके हद्दीत अडकलेले. मी मान वर न करता म्हणालो, "वळसे कसले मोजताय रंगराव? तुम्ही पागेतले माणूस. अख्खे घाला!"

"अख्खं," रंगराव म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धी कचेरी. दुपारी चारच्या सुमारास अंगणात कसला तरी धडपडण्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ समोरच्या गोदाक्कांची आरोळी, "पिसाळलं! कुत्रं पिसाळलं!"

मी बाहेर आलो. रुस्तुम कुशीवर पडला होता. चारी पाय ताठ होऊन हवेत झटके देत होते, तोंडाला फेस, डोळे उघडे पण बघत नव्हते. रंगराव गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याचा जबडा उघडायला बघत होते. गोदाक्का मुसळ घेऊन आल्या होत्या.

"सरा बाजूला, रंगराव! चावंल! एकदाच डोक्यात घालते आणि मोकळी करते!"

"अक्का, मुसळ खाली ठेवा."

"चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत्याल पोटात! चौदा!"

"माझ्या पोटात घेतो की! तुमच्या पोटाचं काय जातंय?"

एवढ्यात कोणीतरी रुस्तुमच्या नाकाला चप्पल लावली. शुद्धीवर असताना त्याने चप्पल अशी वाया कधी जाऊ दिली नसती. माझ्या हातून मात्र सवयीने एकच गोष्ट झाली. मी घड्याळ काढून वेळ बघत राहिलो. बायको मला म्हणाली, "अहो, कुत्रे मरतेय आणि तुम्ही घड्याळ काय बघता?" मी गोदाक्का आणि कुत्रा यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, पण घड्याळ बघायचे सोडले नाही.

झटके थांबले. रुस्तुम धापा टाकत पडून राहिला. रंगरावांच्या उजव्या हाताची दोन बोटे रक्ताने भरली होती. त्यांनी ती धोतराला पुसली आणि टांगा आणायला सांगितला.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी रुस्तुमपुढे पाण्याचे भांडे ठेवले. तो लडखडत उठला, पाणी प्याला आणि रंगरावांच्या पायाशी जाऊन पडला.

"पिसाळल्यासारखे दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तरी दहा दिवस बांधून लक्ष ठेवा. आणि बोटे आत्ताच्या आत्ता साबणाने धुऊन मोठ्या दवाखान्यात दाखवा. तोंडात हात कशाला घातला?"

"दातखीळ बसली हुती."

"बसू द्यायची. फिट आली की कुत्र्याला आपला-परका कळत नाही. तोंडात बोट नाही, चमचा नाही, नाकाला चप्पल नाही. आजूबाजूचे सामान सरकवायचे आणि शांत राहायचे. किती वेळ चालली?"

"एक मिनिट पन्नास सेकंद," मी म्हणालो. "एकदाच."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच आमच्याकडे आदराने पाहिले. तो आदर अर्धे मिनिट टिकला.

"कालपासून काय खाल्ले त्याने?"

रंगराव ताठ उभे राहिले. तीस वर्षांत कुणी वरिष्ठाने त्यांना हा प्रश्न इतक्या अगत्याने विचारला नसावा. दूध, भाकरी, तूप, गूळ, हरभरे, सगळे मापासकट त्यांनी सांगितले. शेवटी, "आणि आज बारा वाजता दुधातनं जायफळ. एक. कुटून."

"अख्खे?" डॉक्टरांची लेखणी थांबली. "अहो, अख्ख्या जायफळाने माणूस बरळायला लागतो. अख्खे घाला म्हणून सांगितले कुणी?"

मी दवाखान्याच्या भिंतीकडे बघत होतो. तिथे बैलाचे एक चित्र होते.

"माझंच डोकं, साहेब," रंगराव म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. मग म्हणाले, "आज रात्र काढली तर वाचला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही नाही. एक घासही नाही. पाचनंतर पातळ पेज. आणि हरभरे कायमचे बंद."

बोटांना पट्टी बांधून घेऊन आम्ही टांग्यात बसलो. मी मनात हिशेब केला. माणूस दीड मणाचा, म्हणजे साठ शेरांचा धरला तर बारा शेराच्या कुत्र्याला एक जायफळ म्हणजे माणसाला पाच. हा हिशेब करायला मला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. शुक्रवारी तेवढे अर्धे मिनिट मी दिले नव्हते.

"रंगराव," मी म्हणालो, "ते अख्खे मी चेष्टेने म्हणालो होतो."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांना मनापासून नवल वाटले होते.

"तुम्ही चेष्टा करता व्हय?"

घरी पोचल्यावर त्यांनी स्वयंपाकघराला कुलूप घातले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. माझ्याजवळ ऱ्हायली तर मी देणार. उद्या पाचला या. तुमचं घड्याळ बरोबर असतंय."

रुस्तुमने रात्र काढली. सकाळी नऊला तो उठून उभा राहिला आणि दहाला त्याला भूक लागली. त्याने रिकामी थाळी चाटली, मग तोंडात धरून दोरी पुरेल तेवढ्या अंगणात आपटली. बारापर्यंत अख्ख्या अंगणाला तो आवाज पाठ झाला. गोदाक्का कालचे मुसळ विसरून म्हणाल्या, "अहो, चतकोर तरी टाका मुक्या जिवाला!" बायकोने रंगरावांसाठी ताट पाठवले. ते फडक्याखाली जसे गेले तसे परत आले. दोनला मी स्वतः जाऊन सांगितले, "डॉक्टरांनी कुत्र्याला उपाशी ठेवायला सांगितलेय, तुम्हाला नाही." त्यांनी नुसते रुस्तुमच्या भांड्यात पाणी ओतले. मला राग आला. हा माणूस उपवासही तोलून करतो, असे मी बायकोला म्हणालो.

मग थाळीचा आवाज बंद झाला. थोडा वेळ बरे वाटले. नंतर राहवेना, म्हणून मी साडेचारच्या सुमारास गेलो.

रंगराव स्वयंपाकघराच्या कुलूप घातलेल्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. रुस्तुमचे डोके त्यांच्या मांडीवर होते. तो त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताचा वास घेत होता आणि बारीक कण्हत होता.

"बसा," ते म्हणाले. मी बसलो. ते त्याच्या कानामागे खाजवत राहिले.

"आमच्या मंडळीला विषमज्वर झाला तवा डॉक्टर असंच म्हणालं हुतं. आतडं नाजूक हाय, बार्लीच्या पाण्याबिगर काय द्यायचं न्हाई. एकोणीस दिवस मी पहारा दिला, मोजणीदार. भाकरीचा तुकडा मागायची. एवढासा. बोटाच्या पेराएवढा दाखवायची. मी दिला न्हाई. तिची आई चोरून द्यायला आली तर तिला मी घराबाहेर काढली. समदं शिस्तीत पाळलं."

रुस्तुमने मान उचलून दाराकडे पाहिले.

"विसाव्या दिवशी मागायची थांबली. मला वाटलं, बरी व्हायला लागली."

मी घड्याळ काढले. पाचला अजून पंचवीस मिनिटे होती. मी उठलो, किल्ली फिरवली, कुलूप काढून कडीला अडकवले.

रंगरावांनी मान वर केली. "वेळ झाली?"

"झाली," मी म्हणालो.